दुरंगी तोरमल्ली

व्याख्यानमालेचे दिवस आणि कलिंगडांचे दिवस एकच. मंडपाकडे येताना रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसलेला विक्रेता एक कलिंगड आडवे कापून गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर ठेवतो, ते आपण सर्वांनीच पाहिले असेल. बाहेर हिरवी साल, तिच्या आत पांढरट पट्टा आणि मध्ये गुलाबी गर. आता अशी कल्पना करा, की ही चकती बोटाच्या पेराएवढी झाली आहे, गर काचेसारखा पारदर्शक झाला आहे, आणि हे रंग कोणी भरलेले नसून जमिनीच्या पोटात आपोआप भरले गेले आहेत. अशी चकती खरोखरीच मिळते. ज्या रत्नाची ती असते त्याचे नाव तोरमल्ली. इंग्रजीत त्याला टूर्मलीन म्हणतात, आणि ह्या विशिष्ट प्रकाराला जगभरचे व्यापारी सरळ ‘वॉटरमेलन’, म्हणजे कलिंगडच म्हणतात.

आम्ही ही चकती प्रथम जयपूरच्या जोहरी बाजारात पाहिली. आमच्याबरोबर असलेल्या स्नेह्यांना माणिक-पाचूची थोडी जाण होती. त्यांनी ती हातात घेतली, उजेडात धरली, पुन्हा कागदाच्या पुडीत ठेवली आणि हळूच आम्हांला म्हणाले, “ह्याला डाग पडलेला दिसतो.” दुकानदाराने ते ऐकले व तो हसला. म्हणाला, “साहेब, ह्या डागाचेच पैसे आहेत.”

त्या दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने बरोबर होते. रत्नपरीक्षेची जुनी शिस्त अशी, की खड्याचा रंग सर्वत्र सारखा असावा. माणकात एक कोपरा फिका निघाला, नीलमण्यात पट्टा दिसला, तर भाव उतरतो. मग हाच दोष तोरमल्लीत गुण कसा ठरला? ह्या प्रश्नाचा मागोवा घेताना आम्हांला खाणीतही उतरावे लागले आणि गिऱ्हाइकाच्या मनातही. दोन्ही ठिकाणी पुष्कळ गंमत आहे.

तोरमल्ली हा शब्द सिंहली आहे. सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, व्यापारी निरनिराळ्या रंगांच्या खड्यांना मिळून हे नाव देत. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी असे खडे हॉलंडला नेले. तेथे कोणाच्या तरी ध्यानात आले, की हा खडा तापवला म्हणजे चुलीतील राख आपल्याकडे ओढतो. त्यामुळे डच लोकांनी त्याचे नावच ‘राख ओढणारा’ असे ठेवले. प्रारंभी जो खडा शोभेपेक्षा करमणुकीसाठी अधिक वापरला गेला, त्याने पुढे पंडितांना कामाला लावले. 1756 मध्ये एपिनस ह्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तापवल्यावर ह्या स्फटिकाच्या एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण विद्युत् निर्माण होते. 1880 मध्ये पिएर आणि झाक क्यूरी ह्या बंधूंनी त्याच्यासारख्या स्फटिकांवर दाब दिला तरी वीज निर्माण होते हे सिद्ध केले. पुढे पाण्याखालील स्फोटांचा दाब मोजण्याच्या साधनांत तोरमल्लीचा उपयोग झाला. पण ही वाट प्रयोगशाळेकडे जाते, आणि आपल्याला बाजारात जावयाचे आहे.

आपल्याकडील रसशास्त्राच्या ग्रंथांत ‘वैक्रांत’ नावाचे एक अनेकरंगी रत्न सांगितले आहे. ते म्हणजे तोरमल्लीच, असे मानणारे बरेच आहेत, न मानणारेही आहेत. नवरत्नांत मात्र तिला जागा नाही, आणि ह्या एका गोष्टीचा आपल्या गिऱ्हाइकावर किती परिणाम होतो ते पुढे येईलच.

तोरमल्लीच्या इतिहासातील सर्वांत मोठी कागाळी ही, की शेकडो वर्षे तिला कोणी तिच्या नावाने ओळखलेच नाही. हिरवी दिसली की पाचू आणि तांबडी दिसली की माणिक, असा सरळ हिशेब. सतराव्या शतकात ब्राझीलमध्ये फेर्नांव दियास पाइस नावाचा एक धाडसी पुरुष होऊन गेला. 1674 मध्ये तो पाचूच्या शोधात साओ पाउलोहून अरण्यात शिरला. सात वर्षे भटकला. माणसे तापाने मेली, काही पळून गेली. बंडाचा कट केल्याबद्दल त्याने आपल्या अनौरस मुलाला फाशी दिले असे इतिहासकार नमूद करतात. अखेर हिरवे खडे सापडले. ते जवळ घेऊन, आपल्याला पाचू मिळाले ह्या समाधानात तो 1681 मध्ये परतीच्या वाटेवर वारला. ते खडे पाचू नव्हते, तोरमल्ली होत्या. रशियाच्या राजघराण्यातही असाच एक प्रसंग घडला. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह ह्याने 1777 मध्ये कॅथरीन सम्राज्ञीला एक भला मोठा तांबडा खडा नजर केला. माणिक म्हणून दिला, माणिक म्हणून घेतला. तो आज मॉस्कोच्या क्रेमलिनमधील रत्नभांडारात आहे, आणि तोही तांबडी तोरमल्लीच निघाला.

राजेरजवाड्यांचे असे झाले तर आपल्यासारख्यांची काय कथा! आमच्या परिचयाच्या एका बाईंकडे त्यांच्या आजेसासूबाईंची अंगठी होती. घरात तिला ‘पाचूची अंगठी’ हेच नाव. सणावारी ती देवापुढे ठेवावयाची, नव्या सुनेच्या बोटात एकदा घालावयाची, आणि अडीअडचणीला ती आहे ह्या भरवशावर निर्धास्त राहावयाचे. मुलाच्या शिक्षणासाठी खरोखरीच अडचण आली तेव्हा बाई ती घेऊन एका सराफाकडे गेल्या. त्याने खडा तपासून घेतला आणि सांगितले, “सोन्याचे पैसे देतो. खडा तोरमल्लीचा आहे, आणि कडेला घासलेलाही आहे.” बाई घरी आल्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. चार पिढ्यांचा भरवसा एका शब्दाने गेला. कोणी कोणाला फसवले होते हे कळण्याचा मार्ग उरला नव्हता. बहुधा विकणाऱ्यालाही माहीत नसेल. खडा आदल्या दिवशी जितका हिरवा होता तितकाच दुसऱ्या दिवशीही होता, पण त्यांना तो पाहवेना. आम्हांला ह्या विषयाची गोडी लागली ती ह्या अंगठीपासून.

तेव्हा तोरमल्लीची पहिली अडचण ही, की एकरंगी असेपर्यंत ती कोणाच्या तरी सावलीत राहते. हिरवी असली तर पाचूशी तुलना, तांबडी असली तर माणकाशी. पण हिरवा आणि गुलाबी हे दोन्ही रंग एकाच खड्यात आले, की तुलनाच संपते. असे माणिक नाही, असा पाचू नाही. दुरंगी खडा पाहताच जाणकार मनुष्य प्रथम तोरमल्लीचे नाव घेतो. इतर रत्नांत जो दोष, त्यानेच हिला स्वतःचे नाव मिळवून दिले.

आता हे दोन रंग येतात कोठून?

गुऱ्हाळात काकवी पाहिलेल्या माणसाला हे समजावयास वेळ लागणार नाही. उसाचा रस आटवून साखर धरू लागली म्हणजे साखरेचे कण साखर तेवढी घेतात, आणि जे त्यांना नको असते ते सारे उरलेल्या पाकात दाटत जाते. भूगर्भात ग्रॅनाइट खडकाचा शिलारस थिजताना असेच घडते. गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक हे नेहमीचे स्फटिक आपापला वाटा घेऊन मोकळे होतात. शेवटी थोडा रस उरतो. त्यात पाणी फार असते, आणि इतरांनी नाकारलेली मूलद्रव्ये गोळा झालेली असतात. हा रस खडकाच्या भेगांत शिरून थिजतो, त्या खडकाला पेग्माटाइट म्हणतात. त्याच्यात अधूनमधून पोकळ्या राहतात. कधी मुठीएवढ्या, कधी माणूस आत बसेल एवढ्या. त्या पोकळ्यांत मोकळी जागा मिळाल्यामुळे तोरमल्लीचे स्वच्छ, लांबट खांब वाढतात.

ह्या काकवीत असते काय? बोरॉन असतो. सोनार डाग देताना जो टाकणखार वापरतो त्यातलाच हा. लिथियम असते, ज्याच्यावर आजचे मोबाइल फोन चालतात. लोखंड तर सर्वत्रच आहे. आणि मँगनीज असते, ज्याच्या खाणी आपल्याकडे भंडारा व नागपूर ह्या जिल्ह्यांत आहेत. सारी द्रव्ये ओळखीची, फक्त त्यांचा योग दुर्मिळ. ह्यांपैकी लोखंडाने स्फटिकाला हिरवा किंवा निळा रंग येतो, मँगनीजने गुलाबी व तांबडा. गुलाबी रंगाबद्दल एक विशेष गोष्ट सांगावयास हवी. मँगनीज नुसते असून भागत नाही. आसपासच्या खडकांतून अत्यंत मंद असा किरणोत्सर्ग होत असतो, त्याने लाखो वर्षांत मँगनीजच्या अणूंत बदल घडतो आणि मग गुलाबी छटा उमटते. म्हणजे हा रंग एका दिवसात लागलेला नाही, फार सावकाश चढलेला आहे.

स्फटिक वाढत असताना पोकळीतल्या रसाची मिळवणी बदलत राहते. आधी मँगनीजचा भाग वरचढ असेल तर गाभा गुलाबी होतो. मग एखाद्या वेळी पोकळीची भिंत तडकते, बाहेरच्या खडकाशी रसाचा संबंध येतो, लोखंड आत येते, आणि पुढचे थर हिरवे बसतात. थर सर्व बाजूंनी बसले तर कलिंगड तयार होते. टोकाकडेच बसले तर एका टोकाला गुलाबी आणि दुसऱ्या टोकाला हिरवी अशी कांडी मिळते. गाभा हिरवा आणि कडा गुलाबी असा उलटा प्रकारही आढळतो. मादागास्करमध्ये एक जात सापडते, तिच्या चकतीत त्रिकोणात त्रिकोण असे रंगीत थर दिसतात आणि मधोमध तीन पाकळ्यांची आकृती उमटते. उंबऱ्यापुढील रांगोळीची आठवण व्हावी इतकी ती रेखीव असते. ह्या जातीला 1977 मध्ये रिचर्ड लिडिकोट ह्या अमेरिकन रत्नशास्त्रज्ञाच्या नावावरून लिडिकोटाइट हे नाव मिळाले.

तेव्हा खड्यातील रंगांची सीमा ही त्याच्या आयुष्यात घडलेल्या एका घटनेची खूण असते. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण वेगळ्या रीतीने, लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत सुंदर झिओलाइटे व अपोफिलाइटे मिळतात आणि ती जगभरच्या संग्रहालयांत जातात. पण त्या दगडात तोरमल्ली शोधून उपयोग नाही.

हे दोन रंग पैलू पाडणाऱ्या कारागिराला मात्र फार छळतात. रंग जेथे बदलतो तेथेच स्फटिकावर ताण असतो, आणि चाकावर धरताच नेमका तेथेच तो तडकण्याची भीती असते. शिवाय तोरमल्ली दिशेप्रमाणे रंग बदलते. खांबाच्या बाजूने पाहिले तर मोकळा हिरवा दिसणारा खडा लांबीच्या दिशेने, टोकातून पाहिला तर जवळजवळ काळा दिसतो. म्हणून कारागीर आधी स्फटिक पुष्कळ वेळ हातात फिरवून पाहतो. दुरंगी कांडीचा तो लांबट चौकोनी खडा करतो, म्हणजे सीमा बरोबर मधोमध येते. कलिंगडी खांबाच्या मात्र आडव्या चकत्याच काढाव्या लागतात. त्यांना पैलूही पाडत नाहीत, दोन्ही बाजूंना झिलई दिली की झाले. दोन सारख्या चकत्या एकाच खांबातून शेजारी शेजारी कापल्या तरच कानांतल्या जोडीला चालतात, आणि तरीही त्या तंतोतंत सारख्या नसतात. गिऱ्हाइकाला नेमके हेच आवडते, असे जयपूरच्या त्या दुकानदाराने सांगितले. “हिऱ्यासारखा हिरा दाखवता येतो. ह्याच्यासारखा दुसरा दाखवा म्हटले तर मलाही दाखवता येणार नाही.”

गिऱ्हाइकाचे मन ही तर खाणीहून खोल वस्तू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परगण्यात तोरमल्लीच्या खाणी जोरात चालू होत्या. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खाणीचे नाव ‘हिमालया’. अमेरिकेत हिमालय कोठून आला, असे आम्हांलाही वाटले होते! ह्या खाणींतील गुलाबी मालाची मोठी गिऱ्हाईक होती चीनची राजमाता त्सू-शी. तिची आवड ती दरबाराची आवड, आणि दरबाराची ती बाजाराची. गुलाबी तोरमल्लीच्या कोरीव कुप्या, गुंड्या, पट्ट्यांचे बंद चीनमध्ये होऊ लागले. 1908 मध्ये राजमाता वारली, 1911 मध्ये क्रांती झाली, 1912 मध्ये सिंहासनच गेले, आणि कॅलिफोर्नियातील खाणी ओस पडल्या. एका म्हातारीच्या आवडीवर समुद्रापलीकडच्या शेकडो मजुरांची चूल पेटत होती, हे तिला कधी कळलेही नसेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे पुन्हा खोदकाम झाले. 1972 मध्ये त्याच परगण्यातील एका खाणीत गुलाबी खांब आणि त्यांच्या टोकांना निळ्या टोप्या असे अप्रतिम स्फटिक निघाले. ते कोणी कापले नाहीत. त्यांतील एक जुडगा आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात जसाच्या तसा ठेवलेला आहे.

अमेरिकेत जन्ममहिन्याप्रमाणे रत्न घालण्याची चाल आहे. त्याची यादी 1912 मध्ये तेथील जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली, आणि 1952 मध्ये व्यापाऱ्यांनीच तीत ऑक्टोबर महिन्यासाठी ओपलच्या जोडीला तोरमल्ली घातली. आपल्याकडे गिऱ्हाईक प्रथम विचारते, “हा कोणत्या ग्रहाचा?” तोरमल्लीला ग्रह नाही. मग हिरवीला बुधाच्या पाचूचे उपरत्न म्हणून खपवावयाचे, म्हणजे पुन्हा ती पाचूची चाकरी! दुरंगीला तर ही सोयही नाही, कारण एका खड्यात दोन ग्रह बसवण्याचे धैर्य अद्याप कोणा ज्योतिष्याने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणूनच जो तिला घेतो तो बहुधा केवळ ती आवडली म्हणून घेतो. हे गिऱ्हाईक आम्हांला जास्त शहाणे वाटते. ग्रहासाठी घेतलेल्या खड्याकडे मनुष्य क्वचितच नीट पाहतो.

भावाविषयी एवढे सांगणे पुरे, की ब्राझीलच्या पाराइबा प्रांतात 1980 नंतरच्या दशकात तांब्याच्या अंशामुळे मोरपिसासारखी निळी दिसणारी तोरमल्ली सापडली, आणि 1990 च्या टक्सन येथील प्रदर्शनात काही दिवसांत तिचा भाव कित्येक पटींनी चढला. आज तिच्या उत्तम खड्याला दर कॅरेटला हजारो डॉलर पडतात. पुढे नायजेरिया आणि मोझांबिक येथेही तशी तोरमल्ली निघाली आणि तीही त्याच नावाने विकली जाऊ लागली. दुरंगी तोरमल्ली त्या मानाने आवाक्यातली आहे. पण ज्या वस्तूला मागणी येते तिची नक्कल पाठोपाठ येतेच.

नकली कलिंगड आम्हीही घेतले आहे. गावात भरलेल्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने ‘कलिंगडी तोरमल्ली’ म्हणून लोलक दिला. घरी आणून भिंगाखाली धरला तो आत गोल गोल बुडबुडे, आणि गुलाबी रंग हिरव्यात सरबतासारखा उतरलेला. काच होती. शिकवणीची फी म्हणून आम्ही ते पैसे सोडून दिले, परंतु तेव्हापासून काही सवयी लावून घेतल्या. खडा दुकानातील दिव्याखाली नव्हे, दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात पाहावा. चकती असेल तर तिचा घेर पाहावा. खऱ्या खांबाचा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा असतो, आणि रंगाचे थर त्या आकाराला धरून चालतात. कड न घासलेली असेल तर तिच्यावर बारीक उभ्या रेघा दिसतात. दुरंगी खडा पाण्याच्या वाटीत बुडवून बाजूने पाहावा. दोन तुकडे चिकटवलेले असतील तर सांध्यात सपाट पसरलेले बुडबुडे दिसण्याचा संभव असतो. थोड्या मोठ्या खड्यातून भिंगाने पलीकडच्या पैलूंच्या कडा पाहिल्या तर त्या दुहेरी दिसतात, काचेत तसे कधी होत नाही. आत थोड्या भेगा किंवा धाग्यासारख्या रेषा असल्या तर बिचकू नये. गुलाबी व तांबड्या तोरमल्लीत त्या असावयाच्याच. अगदी निर्मळ मोठी चकती स्वस्तात मिळाली तर मात्र बिचकावे.

खऱ्या खड्यावरही संस्कार होतात. गडद हिरवा खडा तापवून उजळ करतात. भेगांत राळ भरतात, ती प्रयोगशाळेत ओळखता येते. फिका गुलाबी खडा किरणांखाली ठेवून तांबडा करतात. भूमीने लाखो वर्षांत केले ते यंत्र थोड्या वेळात करते, आणि हे नेहमीच्या तपासणीत ओळखता येत नाही. तेव्हा प्रामाणिक दाखल्यातही ह्याबाबत मौन असू शकते, हे घेणाऱ्याने जाणून असावे. मोठी रक्कम असेल तर दाखला घ्यावाच. त्यावर ‘तोरमल्ली’ हा शब्द आहे की नुसतेच एखादे गोड नाव, तेवढे वाचावे.

त्या बाईंनी अंगठी विकली नाही. सोन्याच्या पैशांसाठी ती मोडावी असे त्यांना वाटेना, आणि फी त्यांनी दुसरीकडून उभी केली. पुढे एकदा आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना भिंग बरोबर होते. खडा कडेने पाहिला तर हिरव्याच्या खाली, कोंदणाच्या आत लपलेल्या भागात, गुलाबी रंगाची बारीकशी रेघ दिसली. जुन्या कारागिराने तो ‘डाग’ दिसू नये म्हणून खाली दाबून बसवला असावा. बाईंनी ती रेघ बराच वेळ पाहिली आणि सुनेलाही बोलावून दाखवली. आता त्या खडा मोकळ्या कोंदणात बसवून घेणार आहेत.

आमच्याकडेही नंतर एक खरी चकती आली आहे. ती आम्ही पूर्वेच्या खिडकीत, उजेड आरपार जाईल अशी ठेवतो. घरातल्यांची एकच तक्रार आहे, की शेजारच्या वस्तूंपेक्षा तिच्यावर धूळ फार बसते. संग्रहालयांतील लोकही हेच सांगतात. कपाटातल्या दिव्याने तोरमल्ली तापते आणि आसपासची धूळ आपल्याकडे ओढून घेते. हॉलंडमध्ये ती चुलीतली राख ओढत होती, आमच्याकडे उन्हाने तापून रस्त्यावरची धूळ ओढते. दर रविवारी मऊ फडक्याने पुसावी लागते.